पडणारं आमिष

नोव्हेंबर सरता सरता डेट्रॉइट नदीचं पाणी पाच-सहा अंश सेल्सियसवर येतं. एका काठाला अमेरिकेतलं डेट्रॉइट, दुसऱ्या काठाला कॅनडातलं विंडसर. मधल्या प्रवाहात छोट्या होड्यांतून माणसं गरवायला उभी असतात. काठीच्या कड्यांमध्ये साचलेला बर्फ अधूनमधून बोटांनी मोडायचा आणि पुन्हा कामाला लागायचं. गळ लांब फेकायचा नाहीच. शिशाचं वजन असलेलं जड आमिष होडीखाली सरळ सोडायचं, तळाला टेकलं की हात-दीड हात उचलायचं, परत सोडायचं. तासन्‌तास एवढंच. या प्रकाराला जिगिंग म्हणतात, आणि त्या आमिषाला जिग.

ही सगळी खटपट मस्कीसाठी. पाईकच्या कुळातला हा सर्वांत मोठा मासा, उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला. क्वचित दीड मीटरच्या आसपास वाढतो. तिकडे त्याला ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. म्हणजे तेवढ्या वेळा गळ फेकावा तेव्हा एकदा लागणार. त्याच माशासाठी ही मंडळी एकदाही न फेकता उभी!

बरं, थंडीत मासा सुस्त व्हायला हवा, आणि तो होतोही. त्याचं शरीर भोवतीच्या पाण्याइतकंच गार असतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. जुलैत पंचवीस अंशांच्या पाण्यात वावरणारा मासा नोव्हेंबरात पाच अंशांत आला, तर त्याचा कारभार जेमतेम पाव वेगाने चालायचा. तरीही मोठ्या मस्कीसाठी जाणकार हेच दिवस राखून ठेवतात. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मिनेसोटातल्या मिल लॅक्स सरोवरात ५५ पौंड १४.८ औंसांची, म्हणजे सव्वापंचवीस किलोंहून जड मस्की लागली आणि १९५७ पासूनचा त्या राज्याचा विक्रम मोडला.

एक कारण माद्यांच्या पोटात आहे. अंडी घालायची वसंतात, पण ती पोटात वाढू लागतात हिवाळ्याआधीच. त्यासाठी खावं तर लागणारच. फक्त पाठलागाची उधळपट्टी परवडणारी नसते.

दुसरं कारण मला जास्त भुरळ घालतं, आणि ते गिझर्ड शॅड नावाच्या माशाशी जोडलेलं आहे. आपल्या तारलीच्या गोतावळ्यातला हा चंदेरी मासा. त्याला थंडी अजिबात सोसत नाही. नदीच्या वरच्या अंगाला असलेलं सेंट क्लेअर सरोवर सरासरी तीन-साडेतीन मीटरच खोल. असं उथळ पाणी झपाट्याने गारठतं आणि शॅडच्या झुंडी नदीच्या खोल पात्रात उतरतात. पाणी चार अंशांच्या जवळ आलं की त्यांचा तोल जाऊ लागतो, पुष्कळ मरतात. मरायला टेकलेला शॅड पळत नाही. कलतो, खाली जातो, एकदा धडपडून वर उसळतो, पुन्हा खाली जातो.

जिग हेच तर करतं! आडवं ओढलेलं आमिष मस्कीसमोरून निघून जातं, त्यामागे धावण्यात ताकद खर्ची पडते. उभ्या दोरीवरचं आमिष मात्र तिच्या पट्ट्यातच वर-खाली होत राहतं. आयतं, दमलेलं, पुनःपुन्हा समोर येणारं भक्ष्य.

पण खोल, गढूळ, अंधाऱ्या पाण्यात ते तिला कळतं कसं? मस्कीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते, पाण्याची हालचाल टिपणारं इंद्रिय. डोक्यावर आणि जबड्यावरही त्याची छिद्रं असतात. खालच्या जबड्याखाली दर बाजूला सहा ते नऊ. पाईकला तिथे पाच किंवा कमी, म्हणून अभ्यासक दोघांना यावरून ओळखतात. २००१ साली ‘जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल बायॉलॉजी’त मस्कीवरचा एक प्रयोग छापून आला होता. दिसत नसलेल्या मस्की भक्ष्याचा माग काढत पुढे सरकत नव्हत्या, पण भक्ष्य अगदी जवळ आलं की झडप घालत होत्या. दुरून हेरायला डोळे लागतात. झडप कधी घालायची हे ठरवताना पार्श्वरेषेचाही वाटा असतो. काही जिगांच्या खाली फिरतं पातं का लावतात, हे यातून लक्षात येतं. त्याची थरथर पाण्यातून पोचते.

मस्की बहुतेकदा आमिष पडत असतानाच धरते. झटका बसेलच असं नाही. कधी दोरी मध्येच सैल पडते, कधी उचलायला जावं तर भलताच जडपणा लागतो. म्हणून पडू देतानाही दोरी किंचित ताणलेली ठेवायची. सगळं कसब त्या किंचितमध्ये आहे. फार ताणली तर आमिष मेल्यासारखं उतरतं, सोडून दिली तर मस्कीने धरून थुंकल्याचाही पत्ता लागत नाही.

खोल सरोवरांत आणखी एक गंमत घडते. पाणी सर्वांत जड असतं ते चार अंशांना. शरदात वरचा थर गार होऊन खाली बुडू लागतो, वारा अख्खं सरोवर ताकासारखं घुसळतो, आणि उन्हाळाभर प्राणवायूला मुकलेला तळ पुन्हा राहण्याजोगा होतो. मग मासे कोणत्याही खोलीवर सापडू शकतात, आणि सरळ खाली सोडलेलं जिग हव्या त्या खोलीवर थांबवता येतं.

पकडलेली मस्की बहुतेक जण सोडून देतात, आणि इथे गारठा कामी येतो. पंचवीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, चार अंशांच्या पाण्यात तेरा. दमलेल्या माशाला सावरायला तो मिळतो. उलट हवा शून्याखाली असेल तर बाहेर काढलेल्या माशाचे ओले कल्ले आणि डोळे गोठू शकतात. त्यामुळे शहाणे लोक मस्कीला जाळ्यात, पण पाण्यातच धरून ठेवतात आणि लांब पकडीने गळ सोडवतात. गळ निघत नसेल तर तोच कापून टाकतात. नवा गळ विकत मिळतो. एवढी मोठी मादी तयार व्हायला पंधरा-वीस वर्षं जातात.