वाकेल ती भिंत टिकेल

वसईच्या किल्ल्याची रुंद दगडी तटबंदी तुम्ही पाहिली आहे का? १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने तिथल्या सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवले. बुरूज ढासळला आणि पोर्तुगीजांना किल्ला सोडावा लागला. एवढा भक्कम दगड हरला कसा?

दगडी बांधकाम दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसवत नाही. सुरुंगातील दारू पेटताच तयार झालेल्या तप्त वायूंनी बांधकाम खालून उचलले. चुन्याचे सांधे उकलले आणि दगड सुटे झाले.

आता समजा, स्फोट भिंतीखाली न होता समोर उघड्यावर झाला. मग दाबलेल्या हवेची लाट भिंतीवर आदळते. तिचा जोर सेकंदाच्या काही हजारांश भागापुरताच असतो. तेवढ्यात जाड, जड तट फारसा हलत नाही; तिथे त्याचे वजन कामी येते. पण विटांची पातळ भिंत आत वाकू लागते, तिची मागची बाजू ताणली जाते आणि तिला तडे जातात.

लाकडी सांगाड्याची भिंतही हलकीच असते. मग ती कशी तग धरते? क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो ना? त्यामुळे चेंडू थांबायला जास्त वेळ लागतो आणि हाताला कमी लागते. लाकडाचे खांबही असेच मागे वाकतात. त्याचे लांब तंतू ताण सोसतात. खिळे किंचित वाकतात, सांधे थोडे सरकतात आणि धक्क्याची ऊर्जा त्यात खर्च होते.

२०१६ साली अमेरिकेतील टिंडॉल हवाई तळावर, आडव्या-उभ्या थरांत चिकटवलेल्या फळ्यांच्या दुमजली इमारतींसमोर मुद्दाम स्फोट घडवण्यात आले. इमारती उभ्या राहिल्या.

मात्र लाकूड म्हणजे अभेद्य कवच नव्हे! स्फोट फार मोठा किंवा फार जवळ झाला, तर खांब मोडतात. खांब शाबूत राहूनही त्याचा पायाशी असलेला सांधा उखडला, तर भिंत कोसळते. वाळवीने पोखरलेल्या लाकडाकडून तर काहीच आशा नको.

घरी एक प्रयोग करा. खडू आणि तेवढीच जाड ओली काडी दोन्ही टोकांना धरून हळूहळू वाकवा. आधी काय मोडते? बुरुजाचे गुपित तुमच्या हातात येईल!