बोर्डीच्या अंगणातली शाळा

मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. आपल्याकडे हे शिक्षण खऱ्या अर्थाने गरिबाच्या दारात नेलं ते ताराबाई मोडकांनी, आणि त्याचं श्रेय आपण त्यांना पुरेसं देत नाही.

ताराबाई घडल्या भावनगरला. वकिली सोडून मुलांत रमलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं होतं. मारायचं नाही, धाक घालायचा नाही, मूल स्वतःहून शिकतं यावर भरवसा ठेवायचा, ही तिथली रीत. याच विचाराच्या प्रसारासाठी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. तिथे बस्तान बसलं असतानाही १९४५ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथेच शिक्षिका अनुताई वाघ त्यांना या कामात येऊन मिळाल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. मग शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. अंगणात पोरं गोळा करायची, आधी तोंड-हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. महागडी साधनं परवडणारी नव्हतीच. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काटक्या यांवरच मोजणं, जुळवणं, लहान-मोठं लावणं चालायचं. ही अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथली अडचण वेगळी होती. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायची, म्हणून तिची शाळा बुडायची. त्यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तीच विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरली. मुलाची आवड ओळखणारे शिक्षक पुष्कळ भेटतात; पण त्याच्या कष्टाच्या दिवसाभोवती सबंध शाळा बेतणं ही मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. आज तिथे मुलांची वजनं घेतात, लसीकरण होतं, आहार मिळतो. ते हवंच. पण आपल्या भागातल्या अंगणवाडीत जाल तेव्हा खाऊबरोबरच, आज मुलं काय खेळली, कोणतं गाणं म्हणाली, हेही ताईंना जरूर विचारा.