फ्लॅशगन घेण्यापूर्वी

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात फोटो काढण्याचे काम माझ्याकडे आले. घरातला शिकणारा मुलगा आणि हाती मित्राचा डिजिटल कॅमेरा, एवढी पात्रता घरच्यांना पुरेशी वाटली. हळदीच्या रात्री कॅमेऱ्यातलाच लहानसा फ्लॅश उघडून मी भराभर फोटो काढीत सुटलो. पुढे चार महिन्यांनी आजी वारली. भिंतीवर लावण्यासाठी तिचा फोटो शोधू लागलो तेव्हा हळदीच्या रात्रीचा तो एकच सापडला. कपाळ आणि गाल पांढरेफटक, डोळ्यांत लाल ठिपके, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली. आजीच्या चेहऱ्यावरची एकही सुरकुती त्यात उमटलेली नव्हती. तोच फोटो आज भिंतीवर आहे, कारण दुसरा नाही.

त्यानंतर कॅमेऱ्यावर वेगळा बसविण्याचा फ्लॅश, म्हणजे ज्याला आपण फ्लॅशगन म्हणतो तो, घ्यावयाचे ठरविले. त्या खटाटोपात जे समजले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. महागाव तालुक्यातील आपले कित्येक मित्र लग्नसराईत फोटो काढून शिक्षणाचा खर्च भागवितात. फ्लॅशला लागणारा पैसा सोयाबीन-कपाशीच्या पैशांतूनच यावयाचा असतो. तेव्हा चुकीची वस्तू घेणे आपणास परवडणारे नाही.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८८७ साली जर्मनीत मिएथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची झगमगती भुकटी तयार केली. ती पेटवली की लख्ख उजेड पडे, त्याचबरोबर धूरही होई आणि हात भाजण्याची भीती असे. १९२९ च्या सुमारास काचेच्या फुग्यातला फ्लॅशबल्ब बाजारात आला. तो एकदा उजळला की फेकून द्यावा लागे. १९३१ साली अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी वायूने भरलेल्या नळीतून विजेचा झोत सोडून पुनःपुन्हा उजळणारा फ्लॅश सिद्ध केला. आजचा फ्लॅश त्याच तत्त्वावर चालतो. सेलमधील वीज एका कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टपर्यंत साठविली जाते आणि क्षणार्धात नळीतून सोडली जाते. मोबाईलवरील दिवा हा या अर्थाने फ्लॅश नव्हेच. ती एक छोटी बॅटरी आहे.

आता आजीच्या फोटोकडे वळू. तेथे प्रकाश कमी होता असे नाही. तो चुकीच्या दिशेने आला होता. कॅमेऱ्यातला फ्लॅश भिंगाला अगदी खेटून असतो, आकाराने बोटभर असतो आणि समोरच पाहतो. समोरून येणारा प्रकाश चेहऱ्यावरचे चढउतार पुसून टाकतो. लहान दिव्याची सावली धारदार पडते. शिवाय तो प्रकाश बाहुलीतून आत शिरून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांवरून सरळ भिंगात परततो, म्हणून डोळे लाल दिसतात.

यावरून फ्लॅश निवडण्याची पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी कसोटी ठरते: त्याचे डोके वर आणि बाजूला फिरले पाहिजे. डोके पांढऱ्या छताकडे वळविले की सगळे छतच दिवा बनते. प्रकाश वरून, मोठ्या जागेतून आणि मऊ होऊन येतो. सुरकुत्या दिसतात, सावली विरते. ज्याचे डोके फिरत नाही तो फ्लॅश कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण घरच्या कॅमेऱ्यात असलेलाच दोष आपण पुन्हा पैसे देऊन विकत घेतो.

मात्र आपल्याकडे पांढरे छत असतेच कोठे? घरांवर कवेलू, नाहीतर टिनाचे पत्रे. कवेलू प्रकाश गिळतात. मांडवाचे कापड लाल-पिवळे असले तर त्यावरून परतणारा प्रकाशही लाल-पिवळा होतो आणि नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. अशा वेळी डोके बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवावे. भिंतही नसेल तर एखाद्या मित्राला पांढरा थर्मोकोलचा पत्रा घेऊन बाजूला उभे करावे. गेल्या स्नेहसंमेलनात बंजारा नृत्याचे फोटो काढताना मला याचा प्रत्यय आला. फेट्या-कांचळीवरील आरशांवर समोरून फ्लॅश मारला की प्रत्येक आरसा पांढरा डाग होऊन बसतो. बाजूच्या भिंतीवरून प्रकाश आणला तेव्हा आरसे आरशांसारखे आणि भरतकाम भरतकामासारखे दिसले.

दुसरा प्रश्न शक्तीचा. फ्लॅशची शक्ती एका अंकाने सांगतात. त्याला गाईड नंबर म्हणतात. त्या अंकाला भिंगाच्या छिद्राच्या अंकाने भागले की प्रकाश किती मीटरपर्यंत पुरेल ते कळते. समजा, अंक ३६ आहे आणि छिद्र एफ-४ आहे, तर आयएसओ १०० ला ९ मीटर. आयएसओ ४०० केले की अंतर दुप्पट होते, म्हणजे १८ मीटर. छतावरून प्रकाश आणताना जाण्या-येण्याचे अंतर ६ मीटर धरू. छत काही प्रकाश शोषते आणि बराचसा चहूकडे विखुरते. एक चतुर्थांशच कामी येतो असे मानले तर १८ मीटरचे ९ मीटर होतात. (प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरतो, म्हणून तो चौथाई झाला की अंतर निम्मे होते.) तरीही ६ मीटरचे काम होऊन वर शिल्लक उरते. फिल्मच्या काळात आयएसओ १०० चा रोल घातला की तो संपेपर्यंत बदलता येत नसे, म्हणून शक्तीला महत्त्व होते. डिजिटल कॅमेऱ्यात ८०० आयएसओही सहज चालते. तेव्हा केवळ मोठ्या अंकासाठी जास्त पैसे मोजू नयेत. डब्यावरचा अंक बहुधा झोत अगदी अरुंद केल्यावरचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ, गोडॉक्स टीटी६०० चा ६० हा अंक २०० मिलिमीटर झूमवरचा आहे. रुंद झोताला तो बराच कमी भरतो.

तिसरा प्रश्न टीटीएलचा. या पद्धतीत फ्लॅश आधी एक बारीक झोत सोडतो, कॅमेरा भिंगातून आलेला प्रकाश मोजतो आणि मग योग्य शक्तीचा झोत पडतो. वरातीत जेथे अंतर क्षणाक्षणाला बदलते तेथे ही सोय उपयोगी खरी. परंतु तिच्यामुळे किंमत वाढते. हाताने शक्ती बदलण्याचा मॅन्युअल फ्लॅश पुष्कळ स्वस्त असतो. गोडॉक्स टीटी६०० आणि योंगनुओ वायएन५६० मालिका या त्याच जातीच्या होत. दोहोंचे डोके फिरते आणि शक्ती पूर्णापासून १/१२८ पर्यंत कमी करता येते. एक फोटो काढावा, पडद्यावर पाहावा, शक्ती कमी-जास्त करावी, पुन्हा काढावा. फिल्मवाल्यांना रोल धुऊन येईपर्यंत न कळणारी चूक आपणास तत्काळ कळते. त्यामुळे शिकणाऱ्याने मॅन्युअलपासून आरंभ करावा, असे माझे मत आहे.

येथे एक धोक्याची सूचना. मॅन्युअल फ्लॅशला उजळण्याचा इशारा कॅमेऱ्याच्या माथ्यावरील हॉट शूच्या मधल्या बिंदूतून मिळतो. २०१८ साली आलेल्या कॅननच्या १५००डी व ३०००डी आणि २०१९ च्या २००डी मार्क टू या कॅमेऱ्यांत हा मधला बिंदू ठेवलेलाच नाही. त्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश नीट बसतो, पण उजळत नाही. अशा कॅमेऱ्यासाठी त्याच मॉडेलवर चालतो असे खात्रीने सांगितलेला टीटीएल फ्लॅश घ्यावा. दुसरी युक्तीही आहे. टीटी६०० सारख्या फ्लॅशमध्ये एस-२ नावाची सोय असते. फ्लॅश बाजूला ठेवून कॅमेऱ्यातला लहान फ्लॅश उडविला की त्याचा उजेड पाहून हा मोठा फ्लॅश उजळतो. सोनीच्या कॅमेऱ्याचा शू वेगळ्या बनावटीचा असतो. त्यासाठीचे मॉडेलही वेगळे मिळते. म्हणून फ्लॅश घ्यावयास जाताना कॅमेरा सोबत न्यावा आणि त्यावर बसवून, उजळवूनच पैसे द्यावेत.

एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडून फिल्मच्या काळातला फ्लॅश स्वस्तात मिळत असेल तर मोह आवरावा. अशा काही फ्लॅशच्या पायथ्याशी २०० ते ३०० व्होल्टचा दाब असतो; नव्या कॅमेऱ्याचे नाजूक विद्युत-मंडल त्याने जळू शकते. बंद पडलेला फ्लॅश घरी उघडूनही पाहू नये. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज सेल काढल्यावरही जबर झटका देते.

यानंतर सेल. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात. हा क्षण फोटोग्राफरसाठी थांबत नाही. त्याच वेळी फ्लॅश भरत बसला तर सगळे व्यर्थ. साधे स्वस्त सेल येथे टिकत नाहीत. पुन्हा भरता येणारे निकेल-मेटल हायड्राईडचे चार सेल आणि चार्जर यांचा खर्च फ्लॅशच्या किमतीतच धरावा. त्यांचा दाब १.२ व्होल्टच असला तरी अंतर्गत रोध कमी असल्याने ते झपाट्याने वीज पुरवितात. फ्लॅश चौथाई शक्तीवर ठेवला तर तो आणखी लवकर भरतो.

वापराविषयी दोनच गोष्टी सांगतो. शटर १/२०० सेकंदाहून जलद ठेवल्यास बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोच्या एका बाजूस काळा पट्टा येतो, कारण शटरचे दोन्ही पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. उलट शटर १/६० पर्यंत संथ केले तर मांडवातील दिव्यांचा उजेडही फोटोत येतो आणि पार्श्वभूमी काळी पडत नाही.

फ्लॅश कोठे वापरू नये हेही जाणले पाहिजे. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदी आहे. सहलीला जाल तेव्हा तो पिशवीतच ठेवा. पोळ्याच्या तोरणाखाली बैलांच्या डोळ्यांवर झोत मारू नका. बैल बुजला तर अनर्थ होतो.

सारांश, फिरणारे डोके, आपल्या कॅमेऱ्याशी जुळणारा पाय, हाताने बदलता येणारी शक्ती आणि चांगले सेल, या क्रमाने पाहावे. टीटीएल आणि मोठा गाईड नंबर त्यानंतर.

मित्रहो, आपल्या खेड्यांतील कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांचे फोटो कोणाच्या तरी लग्नातच निघतात. पुढच्या लग्नात नवरानवरीचे फोटो झाले की फ्लॅशचे डोके भिंतीकडे वळवा आणि कोपऱ्यात बसलेल्या आजीचा एक फोटो घ्या. त्याचे वेगळे पैसे मागू नका.