एकच नाव, विद्यापीठे मात्र वेगळी

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा रस्ता महाराष्ट्राची हद्द ओलांडून सौंसर तहसिलीत शिरतो. शिवारात संत्र्याच्या बागा, घराघरांत मराठी बोली, बाजारहाट नागपूरचा. शासन मात्र भोपाळचे. याच तहसिलीतील सायखेडा येथे मध्य प्रदेशाच्या खासगी विद्यापीठविषयक कायद्यान्वये २०१६ साली जी. एच. रायसोनी विद्यापीठाची स्थापना झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात समाविष्ट झाल्याने हे विद्यापीठ आता पांढुर्णा जिल्ह्यात आले आहे. अभियांत्रिकीबरोबरच कृषी, औषधनिर्माण, व्यवस्थापन इत्यादी विषयांचे शिक्षण तेथे मिळते.

रायसोनी हे नाव या भागातील पालकांना नवे नाही. या संस्थासमूहाचे अभियांत्रिकी महाविद्यालय नागपुरात १९९६ साली सुरू झाले. पुढे पुणे, जळगाव, अमरावती येथेही महाविद्यालये निघाली आणि २०१८ साली अमरावती येथे महाराष्ट्र विधानमंडळाच्या कायद्याने आणखी एक विद्यापीठ अस्तित्वात आले. साहजिकच पालक विचारतात, की एकाच संस्थेचा हा विस्तार असेल तर पदवीही एकच ना?

तसे नाही. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमानुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तशी मान्यता मिळालेल्या संस्थांनाच असतो. आयोगाच्या २००३ च्या विनियमांप्रमाणे खासगी विद्यापीठाने सामान्यतः आपल्या राज्याच्या सीमेतच काम करावयाचे असते. मुख्य परिसराबाहेर केंद्र काढावयाचे तर किमान पाच वर्षे लोटावी लागतात व आयोगाची पूर्वपरवानगी लागते. शिवाय इतर महाविद्यालये संलग्न करून घेण्याची मुभा त्यास नाही. म्हणूनच सायखेड्याचे विद्यापीठ आणि अमरावतीचे विद्यापीठ नावाने सारखी असली तरी कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र आहेत. नागपूरच्या महाविद्यालयाची गोष्ट तर आणखी निराळी. ते स्वायत्त असले तरी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असून पदवी त्या विद्यापीठाची मिळते.

इतके निर्बंध कशासाठी, असे वाटणे शक्य आहे. शेजारच्या छत्तीसगडने २००२ साली असा सैल कायदा केला होता की अल्पावधीत तेथे ११२ खासगी विद्यापीठे निघाली. त्यांतील कित्येकांचा संसार एखाद्या खोलीत सामावलेला होता! प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २००५ रोजी त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द ठरविली आणि ती विद्यापीठे एका निर्णयासरशी संपुष्टात आली. विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून त्यांच्या संस्था शासकीय विद्यापीठांशी जोडून घेण्याचे निर्देश न्यायालयास द्यावे लागले.

सीमेवरील विद्यार्थ्याला राज्याची ही रेषा आणखी एका ठिकाणी आडवी येते. सौंसर वा पांढुर्ण्याहून बारावी झालेला मराठी मुलगा महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी सर्वसाधारणपणे बाहेरच्या राज्यातील उमेदवार ठरतो. भाषा एक असल्याने त्यास राज्याच्या कोट्यातील जागा मिळत नाही. घराजवळच्या विद्यापीठात त्याला ही अडचण नाही. मुलींना दूरच्या शहरी वसतिगृहात ठेवण्यास कचरणाऱ्या कुटुंबांना तर या जवळिकीचे मोल विशेष आहे. खर्चाचा हिशेब मात्र आधी करावा. खासगी विद्यापीठाचे शुल्क आणि छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाशी संलग्न शासकीय महाविद्यालयांचे शुल्क यांत मोठे अंतर असते. शिष्यवृत्तीस आपण पात्र आहोत काय, याची खात्री प्रवेशापूर्वीच करून घेतलेली बरी.

कोणत्याही संस्थासमूहाच्या माहितीपुस्तिकेत अनेक गावांच्या इमारती व नोकरी मिळालेल्यांचे आकडे एकत्र छापलेले असतात. त्यांतील कोणते आकडे आपल्या परिसराचे, हे विचारण्यात संकोच कसला? पदवीपत्रावर कोणत्या विद्यापीठाचे नाव येणार, हेही लेखी मागावे. विद्यापीठाचे नाव व पत्ता आयोगाच्या यादीत पाहता येतो. औषधनिर्माणाच्या अभ्यासक्रमास भारतीय औषधनिर्माण परिषदेची मान्यता आवश्यक असते, ती त्या परिषदेकडे पडताळावी. मध्य प्रदेशातील खासगी विद्यापीठांविषयीच्या तक्रारी भोपाळ येथील मध्य प्रदेश खासगी विद्यापीठ विनियामक आयोगाकडे करता येतात.