संतत ओतकामातील विलगन

संतत ओतकामातील विलगन हा पोलादातील एक अंतर्गत दोष आहे. वितळलेले पोलाद गोठत असताना कार्बन, गंधक, फॉस्फरस, मँगॅनीज हे घटक सर्वत्र सारखे न पसरता काही ठिकाणी, मुख्यतः गाभ्यात, साचतात व त्यातून हा दोष निर्माण होतो. कारखान्यांत त्यास सेग्रिगेशन म्हणतात. पुढील लाटणीने तो नाहीसा होत नाही. म्हणून त्याचे नियंत्रण पोलाद गोठत असतानाच करावे लागते.

कारणे

संतत ओतकामात वितळलेले पोलाद पाण्याने थंड केलेल्या, तळ उघडा असलेल्या तांब्याच्या साच्यात ओततात. बाहेर कवच धरलेली, आतून द्रव असलेली लादी रुळांच्या आधाराने खाली ओढली जाते व तिच्यावर पाण्याचे फवारे मारले जातात. घन पोलादात वरील घटक द्रवापेक्षा कमी प्रमाणात सामावतात. त्यामुळे कवच जाड होत जाते तसा उरलेला द्रव त्या घटकांनी अधिक समृद्ध होतो. कवचापासून आत वाढणारे स्तंभाकार स्फटिक मध्यभागी एकमेकांस भिडले की द्रवाचे कप्पे बंद होतात. गोठताना पोलाद आकसते आणि त्यामुळे पडणारी पोकळी भरण्यासाठी स्फटिकांमधील समृद्ध द्रव गाभ्याकडे ओढला जातो. आधाररुळांमध्ये कवच फुगल्यासही हाच परिणाम होतो.

परिणाम

गाभ्यातील समृद्ध पट्टा उर्वरित पोलादापेक्षा कठीण व ठिसूळ असतो. त्यात मँगॅनीज सल्फाइडचे कण लाटणीच्या दिशेने लांबट होतात आणि तेथून भेगा सुरू होऊ शकतात. वेल्डिंगनंतर हा पट्टा लवकर थंड झाल्यास तेथे मार्टेन्साइट ही अतिकठीण संरचना तयार होण्याचा धोका असतो. लाटणीपूर्वी लादी सुमारे १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. त्या वेळी कार्बन बऱ्याच अंशी पसरतो. मँगॅनीजचे विसरण मात्र अतिशय मंद असल्याने त्याचा पट्टा टिकून राहतो.

गोंदिया परिसराशी संबंध

गोंदिया हे हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावरील जंक्शन आहे. याच मार्गावर पूर्वेस, छत्तीसगडमध्ये, भिलाई पोलाद कारखाना असून तो दीर्घकाळ भारतीय रेल्वेला रूळ पुरवीत आला आहे. भारतीय रेल्वेच्या ८८० प्रतीच्या रुळात कार्बन ०.६० ते ०.८० टक्के व मँगॅनीज ०.८० ते १.३० टक्के असते. कार्बनचे प्रमाण इतके अधिक असल्याने अशा पोलादात विलगनाची प्रवृत्ती तीव्र असते. ओतलेल्या लादीचा गाभा लाटणीनंतर रुळाचा माथा व तळ यांना जोडणाऱ्या उभ्या भागात येतो. तेथील दोष पृष्ठभागावरून दिसत नाही, म्हणून रुळांची श्राव्यातीत लहरींनी तपासणी केली जाते.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. भंडारा जिल्ह्यातील वरठी येथे सनफ्लॅग आयर्न अँड स्टील कंपनीचा विशेष पोलादाचा कारखाना आहे. त्याच जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मॉइल या सार्वजनिक कंपनीच्या मँगॅनीज खाणी आहेत. मँगॅनीज गंधकाला बांधून ठेवते व लाटताना पोलाद तडकू देत नाही. म्हणून विलगनाचा धोका असला तरी ते वगळता येत नाही.

उपाय

* रासायनिक शुद्धता : ओतण्यापूर्वीच गंधक व फॉस्फरस शक्य तितके कमी करणे.
* ओतण्याचे तापमान : ते गोठणबिंदूपेक्षा साधारणतः २० ते ३० अंश अधिक ठेवतात. त्याहून अधिक उष्णतेने स्तंभाकार स्फटिक लांब वाढतात. फार कमी ठेवल्यास ओतनळी गोठून बंद पडू शकते.
* विद्युत्‌चुंबकीय ढवळणी : फिरत्या चुंबकीय क्षेत्राने द्रव ढवळल्यास स्फटिकांची टोके तुटून मध्यभागी लहान, समाक्ष स्फटिक वाढतात व समृद्ध द्रव विखुरला जातो. ढवळणी अति झाल्यास घटक कमी असलेला पांढरा पट्टा उमटतो.
* मृदू दाब : गोठण पूर्ण होण्याच्या थोडे आधी रुळांनी लादी काही मिलिमीटर दाबतात. त्यामुळे आकसण्याची भरपाई होऊन द्रव गाभ्याकडे ओढला जात नाही. दाब चुकीच्या जागी दिल्यास अंतर्गत भेगा पडतात. म्हणून ओतण्याचा वेग स्थिर राखणे आवश्यक असते.
* यंत्राची निगा : आधाररुळांची अंतरे व सरळ रेषा अचूक ठेवणे, तसेच फवाऱ्यांची तोंडे साफ राखणे.

तपासणी

लादीचा आडवा काप घासून उष्ण, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवल्यास गाभ्यातील पट्टा स्पष्ट होतो. गंधकाच्या तपासणीसाठी सौम्य सल्फ्यूरिक आम्लात भिजविलेला छायाचित्रणाचा कागद कापावर दाबतात. गंधक साचलेल्या जागी त्यावर तपकिरी ठसा उमटतो.

विलगन पूर्णपणे टाळता येत नाही, कारण ते गोठण्याच्या प्रक्रियेतच अंतर्भूत आहे. वरील सर्व उपायांचा हेतू साचणारे घटक एका जागी एकवटू न देता विखुरणे हा असतो.