संगणक विभागात शिक्षक कोणत्या पायरीवर कमी आहेत?

केंद्रीय उच्च शिक्षण संस्थांतील अध्यापकांची मंजूर पदे १८,९४०. त्यांपैकी २८.५६ टक्के, म्हणजे सुमारे ५,४१० पदे रिकामी. संसदेच्या शिक्षणविषयक स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अहवालातला हा आकडा आहे. दर सात पदांमागे दोन पदांवर माणूस नाही, असा त्याचा अर्थ.

एकूण आकड्यापेक्षा त्याची पदवार फोड जास्त सांगते. सहायक प्राध्यापकांच्या ११,२९८ पदांपैकी १७.९७ टक्के रिकामी आहेत, सहयोगी प्राध्यापकांच्या ५,१०२ पैकी ३८.२८ टक्के आणि प्राध्यापकांच्या २,५४० पैकी ५६.१८ टक्के. पायरी चढावी तसा रिकामेपणा वाढतो. वरच्या पायरीवर तर भरलेल्या पदांपेक्षा रिकामी पदे अधिक आहेत.

आता मागच्या आकड्यांशी तुलना. २०२२ च्या अखेरीस लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार केंद्रीय विद्यापीठांत १८,९५६ मंजूर पदांपैकी ६,१८० रिकामी होती. दोन्ही वेळची मंजूर पदे आणि त्यांची विभागणी जवळजवळ सारखी असल्याने तुलना करता येते. मधल्या काळात रिकामी पदे सुमारे ७७०ने, म्हणजे १२.५ टक्क्यांनी कमी झाली. सहयोगी प्राध्यापकांची २,३०४ वरून १,९५३ वर आली (१५.२ टक्के घट), सहायकांची २,३४७ वरून २,०३० वर (१३.५ टक्के घट). प्राध्यापकांची मात्र १,५२९ वरून १,४२७ वरच आली (६.७ टक्के घट). सप्टेंबर २०२२ पासून केंद्राने मोहीम काढून भरती केली, तरी सर्वाधिक गरजेच्या पायरीवर वेग सर्वांत कमी राहिला. त्याच २०२२ च्या उत्तरात आयआयटींमधील ११,१७० पदांपैकी ४,५०२, म्हणजे ४०.३ टक्के पदे रिकामी होती.

हे आकडे सर्व विषयांचे एकत्र आहेत. संगणकशास्त्राला ते अधिक बोचतात, कारण इथे विद्यार्थी वाढत आहेत. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात संगणक अभियांत्रिकीचे विद्यार्थी सुमारे १२.९ लाख होते, अभियांत्रिकीच्या सर्व शाखांत सर्वाधिक. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा निकष २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. त्यानुसार या एका शाखेला ६४,५०० शिक्षक लागतात. २०१८-१९ पूर्वी निकष १५ विद्यार्थ्यांमागे एक असा होता. तोच राहिला असता तर गरज ८६,००० ची असती. म्हणजे एका नियमबदलाने २१,५०० शिक्षकांची गरज कागदावरून उतरली. वर्गातले विद्यार्थी तेवढेच राहिले.

मागणीची बाजू पुढेही वाढतेच आहे. देशातील बी.टेक.च्या मंजूर जागा २०२३-२४ मध्ये सुमारे १३.४९ लाख होत्या, २०२४-२५ मध्ये त्या सुमारे १४.९० लाख झाल्या. वाढ १.४१ लाखांची, म्हणजे साडेदहा टक्क्यांची. एका शाखेत जास्तीत जास्त २४० जागा ही मर्यादा याच वर्षापासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी उठली. या सगळ्या वाढीव जागा भरल्या, तर चार वर्षांत ५.६४ लाख विद्यार्थी वाढतील आणि त्यांच्यासाठी २८,२०० शिक्षक नव्याने लागतील. जागा एका आदेशाने वाढते. शिक्षक घडायला किती वर्षे लागतात, हे आता पाहू.

बारावीनंतर बी.ई.ची चार, एम.ई.ची दोन आणि पीएच.डी.ची साधारण पाच वर्षे, म्हणजे अकरा. अठराव्या वर्षी सुरुवात करणारा विद्यार्थी २९व्या वर्षी डॉक्टर होतो. प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.सोबत दहा वर्षांचा अनुभव लागतो, सहयोगी पदासाठी आठ वर्षांचा. म्हणून सहायक प्राध्यापकाचे पद जाहिरात काढून भरता येते, पण प्राध्यापकाचे पद भरायचे तर दहा वर्षांपूर्वी कुणीतरी सहायक पदावर नेमलेला असावा लागतो. ज्या विभागात तेव्हा भरती झाली नाही, तिथे आज उमेदवार नाही.

हे गणित एका विभागाला लावून पाहू. दरवर्षी २४० विद्यार्थी घेणारा संगणक विभाग धरा. चार वर्षांचे ९६०. निकषाप्रमाणे शिक्षक ४८. प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक यांचे प्रमाण १:२:६, म्हणजे अनुक्रमे ५, ११ आणि ३२. स्थायी समितीच्या अहवालातील टक्केवारी इथे लावली, तर उरतात २, ७ आणि २६. एकूण ३५. एका शिक्षकामागे विद्यार्थी २० वरून २७ वर जातात.

याचा परिणाम प्रयोगशाळेत मिनिटांत मोजता येतो. वीस जणांची एक बॅच आणि दोन तासांचे प्रात्यक्षिक, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकाची सहा मिनिटे. विद्यार्थ्याचा प्रोग्राम कंपाइल होतो, पण उत्तर चुकते. लूप एकदा जास्त फिरतोय, की ॲरेच्या हद्दीबाहेरची जागा वाचली जातेय, हे त्याच्या शेजारी बसून, त्याच्याकडूनच ओळीओळीने वदवून घ्यावे लागते. सहा मिनिटांत ते जेमतेम होते. शिक्षक नाही म्हणून बॅच तीस जणांची केली की चार मिनिटे उरतात. चार मिनिटांत शिक्षक चूक स्वतः दुरुस्त करून देतो आणि पुढे सरकतो. जर्नलवर सही होते, पण चूक शोधायला विद्यार्थी शिकत नाही.

दुसरा परिणाम सहजी दिसत नाही आणि दीर्घकाळ टिकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. सर्व १८,९४० पदे भरलेली आणि सर्व जण मार्गदर्शक मानले, तर संशोधनाची क्षमता ९६,१२४ जागांची होते. रिकाम्या पदांमुळे त्यातल्या सुमारे ३१,२५० जागा जातात. म्हणजे पदे २८.६ टक्के रिकामी असताना संशोधनाच्या जागा ३२.५ टक्क्यांनी घटतात. रिकाम्या पदांत प्राध्यापकांचा वाटा २६ टक्के आहे, गमावलेल्या संशोधन-जागांत तो ३६.५ टक्के आहे. वरच्या नमुना विभागात २३४ पैकी ७२ जागा अशाच जातात. उद्याचे शिक्षक ज्या जागांवर तयार व्हायचे, त्याच या जागा. आजची रिक्त पदे पुढच्या दशकाची टंचाई घडवत आहेत.

रिकाम्या पदांचे काम थांबत नाही, ते तासिका तत्त्वावर दिले जाते. अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी ठरवलेला दर तासाला १,५०० रुपये, महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा आहे. म्हणजे महिन्याला ३३ तास. नियमित सहायक प्राध्यापकाचा अध्यापनभार आठवड्याला १६ तास, वर्षाचे किमान ३० आठवडे, म्हणजे ४८० तास. हे तास एका अतिथी अध्यापकाला कमाल मर्यादेत बसवता येत नाहीत, दोघे लागतात. दोघांचा मिळून खर्च ७.२० लाख, प्रत्येकाच्या हाती वर्षाला ३.६० लाख.

आता नियमित पदाचा खर्च. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये. जानेवारी २०२५ चा केंद्राचा ५५ टक्के महागाई भत्ता आणि पुण्या-मुंबईसारख्या शहरांचा ३० टक्के घरभाडे भत्ता धरला, तर महिन्याला १,०६,७४५ आणि वर्षाला १२.८१ लाख रुपये होतात. तासिका तत्त्वाने एका पदामागे ५.६१ लाख, म्हणजे ४४ टक्के वाचतात. त्या बदल्यात चार पीएच.डी. जागा जातात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पांना वर्षभर सोबत करणारा माणूस, अभ्यासक्रमाची फेररचना आणि प्रयोगशाळेची उभारणी यांचा हिशेब या ४४ टक्क्यांत कुठेच धरलेला नाही.

अतिथी अध्यापकाची पात्रता नियमित सहायक प्राध्यापकाइतकीच असावी लागते. त्याचे ३.६० लाखांचे वार्षिक मानधन आणि मोठ्या आयटी कंपन्यांत नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाला मिळणारे साधारण साडेतीन लाखांचे वेतन यांत फरक नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. यांची बाजारातली वाढीव किंमत या रचनेत जवळजवळ शून्य होते.

शिक्षक होण्याच्या वाटेवरही आकडे एका रेषेत नाहीत. गेट देऊन एम.टेक.ला येणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये मिळतात. साडेतीन लाखांची नोकरी सोडून तो आला, तर दोन वर्षांत सुमारे चार लाख रुपये सोडून देतो. पुढे कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती ३७,००० आणि वरिष्ठ ४२,००० रुपये. जानेवारी २०२३ पूर्वी त्या ३१,००० आणि ३५,००० होत्या. पाच वर्षांची बेरीज २४ लाख. पंतप्रधान संशोधन छात्रवृत्ती ७०,००० पासून सुरू होऊन ८०,००० पर्यंत जाते. पाच वर्षांची बेरीज ४५ लाख, शिवाय वर्षाला दोन लाखांचे संशोधन अनुदान. एकाच प्रयोगशाळेत शेजारी बसलेल्या दोन संशोधकांच्या उत्पन्नात १.९ पट फरक असतो. आणि पंतप्रधान छात्रवृत्तीची पहिल्या महिन्याची रक्कम अतिथी अध्यापकाच्या कमाल मानधनापेक्षा २०,००० रुपयांनी जास्त आहे. म्हणजे शिकणाऱ्याला ७०,००० देण्याची तयारी आहे, पण तोच शिकून शिकवायला आला तर मर्यादा ५०,००० ची.

उद्योगाची ओढ फक्त आपल्याकडेच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एआय इंडेक्सनुसार अमेरिका आणि कॅनडात २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले ४०.९ टक्के नवे पीएच.डी. उद्योगात आणि ४१.६ टक्के विद्यापीठांत गेले होते. २०२२ मध्ये उद्योगात ७०.७ टक्के आणि विद्यापीठांत २०.० टक्के गेले. अकरा वर्षांत विद्यापीठांचा वाटा निम्म्याहून खाली आला. तिथली विद्यापीठेही पगारात उद्योगाशी बरोबरी करू शकलेली नाहीत. मात्र पद कायम आहे का आणि ते कधी भरले जाणार, हे दोन प्रश्न प्रशासनाच्या हातातले आहेत.

महाराष्ट्रातील जाहिराती हेच चित्र दाखवतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०२३-२४ मधील १११ अध्यापक पदांच्या जाहिरातीत प्राध्यापक ३२, सहयोगी ३२ आणि सहायक ४७ होते. वरच्या दोन पायऱ्यांचा वाटा ५७.७ टक्के. केंद्रीय विद्यापीठांच्या मंजूर रचनेत तो साधारण ४० टक्के असतो. मुंबई विद्यापीठाच्या २०२४ च्या १५२ पदांच्या जाहिरातीत सहायक प्राध्यापक ७३ होते, म्हणजे निम्म्याहून कमी. दोन्हीकडे पोकळी वर आहे.

संधी शोधणाऱ्यांसाठी नियमांचे तीन मुद्दे महत्त्वाचे. एक, विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएच.डी. अनिवार्य करण्याचा नियम जुलै २०२३ मध्ये मागे घेतला गेला. पदव्युत्तर पदवीसोबत नेट किंवा सेट पुरते. महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेते आणि ती महाराष्ट्र व गोव्यासाठी आहे. दोन, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक विभागाला वेगळा नियम लागतो: बी.ई. आणि एम.ई., दोन्हींपैकी एकात प्रथम वर्ग. एम.एस्सी.वाल्याने अर्ज करण्यापूर्वी हा फरक तपासावा. तीन, उद्योगात किमान १५ वर्षे काढलेल्यांसाठी २०२२ पासून ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट आहे. तिथे पीएच.डी. लागत नाही. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका होतात आणि कमाल मुदत चार वर्षे आहे. ४८ शिक्षकांच्या विभागात हे चार जण होतात. वर्गाला त्यांचा उपयोग निश्चित आहे. पण नियमित पदांबाहेरची ही नेमणूक असल्याने त्यांच्या येण्याने एकही रिकामे पद भरत नाही.

या सगळ्यातून निष्कर्ष एकच निघतो. सहायक प्राध्यापकांची भरती दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात झाली पाहिजे. पाच-सात वर्षे थांबून एकदम शंभर पदांची जाहिरात काढली, तर दहा वर्षांनी वरच्या पायरीवर तेवढ्याच वर्षांची पोकळी दिसते. आज दिसते आहे ती अशीच तयार झाली आहे.

प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आणि पालकाने एक गोष्ट जरूर करावी. प्रत्येक मान्यताप्राप्त अभियांत्रिकी महाविद्यालयाला शिक्षकांची यादी आपल्या अनिवार्य माहितीपत्रात प्रसिद्ध करावी लागते. संगणक विभागाचे एकूण विद्यार्थी त्या यादीतील नियमित शिक्षकांच्या संख्येने भागावेत. उत्तर वीसपेक्षा जास्त आले, तर फी भरण्यापूर्वी विभागप्रमुखांना दोन प्रश्न विचारावेत: किती पदे रिकामी आहेत, आणि त्यांपैकी प्राध्यापकांची किती?