एका जादा अमिनो आम्लाचा प्रताप

कुपीवर शुद्धतेची भरघोस टक्केवारी दिसली की प्रथिन प्रयोगाला योग्य, हा समज फसवा आहे. केमोकाइन म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींना दाहाच्या जागी बोलावणारी छोटी प्रथिने. त्यांतले मानवी ‘रँटेस’ अवघ्या ६८ अमिनो आम्लांचे. त्याचे जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन बनवले, तेव्हा साखळीच्या आरंभीचे मेथिओनिन तसेच राहिले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की हे प्रथिन पेशीवरच्या ग्राहीला चिकटते, पण पेशीला हलवत नाही. उलट अस्सल रँटेसचीच वाट अडवते. शुद्धता तपासून हा घोळ कळला नसता.

मग जिवाणू सोडून सस्तन प्राण्यांच्या पेशी वापरा, असे कोणी म्हणेल. ते महागडे, आणि बऱ्याच केमोकाइनांना शर्करेच्या जोडणीवाचून काम करता येते. जिवाणूंतून येणारे एंडोटॉक्सिन मात्र स्वतःच दाह पेटवते, म्हणून ते मोजायलाच हवे. खरी परीक्षा सच्छिद्र पडद्यावर होते: खाली प्रथिन, वर पेशी. मात्रा वाढवली की पडदा ओलांडणाऱ्या पेशी वाढतात, आणि फारच वाढवली की पुन्हा घटतात. कुपी मागवताना विक्रेत्याकडून मात्रा आणि पेशीसंख्येचा हा आलेख आधी मागून घ्या.